हिंदुराव ते दिगू टिपणीस : निळू फुले यांचे काही चित्रपट आणि आमचे गाव

आपले मंडळ १९७५ साली स्थापन झाले. त्याच वर्षी ‘सामना’ हा मराठी चित्रपट पडद्यावर आला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे उघड आहे; तथापि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्हांस हाच योगायोग आठवला. मंडळाच्या स्थापनेचा, वास्तूचा व गणेशोत्सवाचा इतिहास याच अंकात आमच्याहून अधिकारी मंडळी लिहीत आहेत. आम्ही आयुष्यभर केंद्र सरकारच्या फायलींत रमलेले एक साधे बी. ए.; साहित्याचा किंवा चित्रपटकलेचा आमचा व्यासंग नाही. परंतु एका नटाचे चित्रपट आम्ही पुनःपुन्हा पाहिले आहेत, आणि ते पाहण्याची सुरुवात याच मंडळाच्या सभागृहात झाली. ते नट म्हणजे निळू फुले. त्यांना आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलो नाही, हेही आरंभीच सांगून टाकतो. कारण अशा लेखांत ‘त्यांचा आमचा घरोबा’ असा मजकूर वाचावयास मिळेल, अशी वाचकांची अपेक्षा असते.

ज्यांचा जन्म येथे, कानपुरात, झाला त्यांना गाव म्हणजे काय हे दोनच मार्गांनी कळत असे. एक म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत दोन गाड्या बदलून केलेला तीन आठवड्यांचा मुक्काम, आणि दुसरा म्हणजे मंडळाने दाखविलेले चित्रपट. पहिला योग तीन-चार वर्षांतून एकदा येई. दुसरा दर गणेशोत्सवात. सोळा मिलिमीटरचे ते यंत्र भाड्याने आणलेले असे. भिंतीवर पांढरी चादर ताणीत. चादरीचा एक कोपरा सैल राहिला की त्या कोपऱ्यातील माणसाचे डोके सारा वेळ हेलकावे खाई. रीळ बदलताना दिवे लागत आणि तेवढ्यात महिलामंडळ चिवड्याच्या पुड्या वाटून घेई. वीज गेली तर अर्धा तास गाण्याच्या भेंड्या होत. आमच्या वडिलांच्या पिढीतील बहुतेक मंडळी संरक्षण खात्याच्या कारखान्यांत, रेल्वेत, नाहीतर आयुर्विम्यात होती. पडद्यावर बैलगाडी दिसली की त्यांच्यापैकी कोणाचा तरी घसा भरून येई, आणि मुलांना ‘बघ, हे आपले गाव’ असे सांगण्यात येई.

आमच्या घरी तर या गावाची एक तसबीरही होती. सातारा जिल्ह्यातील, कृष्णाकाठचा आमचा वाडा. दिंडीदरवाजा, दगडी पायऱ्या, पायऱ्यांवर पागोटे घालून बसलेले आमचे आजोबा. येणाऱ्या-जाणाऱ्यास ती तसबीर दाखवली जाई आणि पूर्वी किती जमीन होती, याचा आकडा सांगितला जाई. हा आकडा दर दिवाळीस थोडा वाढत असे.

या तसबिरीतील गाव आणि निळू फुले यांचे गाव एकच आहे, हे समजण्यास आम्हांला बरीच वर्षे लागली.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० चा. तरुणपणी ते पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत, आणि त्या तुटपुंज्या पगारातील काही भाग राष्ट्र सेवा दलास देत. सेवा दलाच्या कलापथकात त्यांची नटाची घडण झाली. ही गोष्ट मुद्दाम सांगावी अशी आहे. नाटक कंपनीत वाढलेला नट आणि कलापथकात वाढलेला नट यांत फरक असतो. कलापथकाच्या नटापुढे तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसे. दिवसभर शेतात किंवा कारखान्यात राबून आलेली माणसे मैदानात बसलेली असत, आणि त्यांच्या गावचा पुढारीही बहुधा पहिल्या रांगेत असे. पुढाऱ्याची टर उडवायची ती पुढाऱ्यादेखत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या लोकनाट्यात निळूभाऊ काम करीत. १९५७ च्या निवडणुकीच्या सुमारास त्यांनी स्वतःही एक वग लिहिला होता. पुढे शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. ‘रामनगरी’कार राम नगरकर हे या सगळ्या प्रवासातील त्यांचे सोबती.

म्हणजे ज्या सत्ताधाऱ्याला पडद्यावर त्यांनी पुढे जन्म दिला, त्याची ओळख त्यांना पडद्याच्या आधीची होती. तीही विरोधकाच्या बाजूने झालेली होती. समाजवादी विचारांचा हा कार्यकर्ता सभेत ज्यांच्याविरुद्ध बोले, चित्रपटात त्यांचीच टोपी घाली.

१९६८ साली अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’ आला. कथा शंकर पाटलांची. त्यातील झेलेअण्णा ही निळूभाऊंची चित्रपटातील पहिली भूमिका. झेलेअण्णा हा फार मोठा दुष्ट नव्हे. गावात जेवढ्या भानगडी तेवढ्यांत त्याचे एक बोट, एवढेच. आम्ही हा चित्रपट मंडळातच पाहिला, आणि सभागृह हसून लोटपोट झाले. आम्ही मुले पुढे महिनाभर झेलेअण्णासारखे मान तिरपी करून चालत होतो. हसताना कोणाच्या लक्षात आले नसेल, परंतु हा माणूस मराठी पडद्यावर नवीन होता. खेड्यातील पाटील-इनामदार तमाशापटांत पूर्वीही असत. मिशांना पीळ देणारे, चाबूक उगारणारे, मोठ्याने हसणारे. झेलेअण्णाला चाबकाची गरज पडत नाही. त्याला कागद कळतो, निवडणूक कळते, कोणाचे कोणाशी फाटले आहे ते कळते.

हा माणूस आला कोठून, याचे उत्तर त्या काळच्या महाराष्ट्रात सापडते. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याच्या हाती कारखाना देण्याचे जे स्वप्न पाहिले, ते खरोखर मोठे होते, आणि त्याने जिरायती मुलखाचे रूप पालटले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९६० साली राज्य झाले. १९६२ च्या १ मे पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामास लागल्या. दहा-बारा वर्षांच्या आत खेड्यात कारखाना, बँक, दूधसंघ, शाळा आणि मते ही सारी सत्तास्थाने उभी राहिली, आणि ती पुष्कळ ठिकाणी एकाच वाड्यात गोळा झाली. जुन्या पाटलाकडे वतन होते. नव्याकडे अध्यक्षपद आले. मराठी कादंबरीने आणि वर्तमानपत्रांनी या बदलाची दखल घेतली ती त्यांच्या पद्धतीने. निळूभाऊंनी त्याला चेहरा दिला.

तो चेहरा कसा, हे येथे थोडे विस्ताराने लिहितो. कारण नकलाकारांनी पुढे त्यांना एखाद-दुसऱ्या वाक्यात कोंडून टाकले आणि नव्या पिढीस तेवढेच ठाऊक आहे. निळूभाऊ मोठ्याने बोलत नसत. किंचित घोगरा, खाली ओढलेला आवाज, आणि वाक्याच्या मध्येच घेतलेली विसावल्यासारखी थांब. ज्याचा शब्द कोणी मोडणार नाही अशी खात्री आहे, त्याला आवाज चढवावा लागत नाही; ते सूत्र त्यांनी कोठून उचलले असेल ते असो, पण आमच्या नोकरीच्या तीस वर्षांत आम्ही जे खरे समर्थ अधिकारी पाहिले, ते सर्व हळू बोलणारे होते. दुसरी गोष्ट नजरेची. समोरच्या माणसाकडे ते सरळ पाहत नसत. आधी त्याच्या हातांकडे, मग पायांकडे, आणि शेवटी डोळ्यांकडे. जणू काय वस्तूची किंमत ठरवीत आहेत. खेड्यापाड्यांतील बायाबापड्या त्यांच्या नावाने बोटे मोडीत, असे त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते. नटाला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. १९७२, ७३ आणि ७४ अशी ओळीने तीन वर्षे महाराष्ट्र शासनाची पारितोषिके त्यांना मिळाली, ती त्या मानाने दुय्यम.

१९७२ साली रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाईंडर’ आले. दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग, आणि सखाराम निळू फुले. त्या प्रयोगावर झालेले वादळ, परिनिरीक्षण मंडळाचा विरोध आणि न्यायालयापर्यंत गेलेले प्रकरण हा मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा स्वतंत्र अध्याय आहे. आमचे वय तेव्हा पाटी-पेन्सिलीचे; नाटक पाहिले ते मोठ्यांच्या बोलण्यातून, आणि तेही आम्ही खोलीत शिरलो की थांबत असे. म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता ‘सामना’. दिग्दर्शक जब्बार पटेल; त्यांचा हा पहिलाच चित्रपट, आणि व्यवसायाने ते डॉक्टर. पटकथा तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचे, निर्माते रामदास फुटाणे. बर्लिनच्या महोत्सवात १९७५ सालीच तो स्पर्धेसाठी गेला, आणि मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. कथा ज्ञात आहे; तरीही येथे वाढलेल्या तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या राज्यात एक दिवस एक दारुडा, भणंग, एके काळचा ध्येयवादी मास्तर येऊन पडतो. हे काम डॉ. श्रीराम लागू यांचे. हिंदुराव त्याला वाड्यात ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आपले वैभव दाखवतो. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. फौजेतून परतलेला एक माणूस. गावात होता, मग नाहीसा झाला. मास्तर विचारू लागतो. गावात कोणालाही या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नाही.

इतर कोणत्याही नटाने हिंदुराव हा राक्षस केला असता. निळूभाऊंनी त्याला यजमान केला. मास्तरच्या पेल्यात दारू ओतताना त्यांच्या चेहऱ्यावर जो जिव्हाळा दिसतो, तो ढोंगी नाही. या माणसाला खरोखर कोणीतरी बरोबरीचे बोलणारे हवे आहे. सभोवती सारे होय म्हणणारे. कारखाना दाखवितानाचा त्याचा अभिमानही खोटा नाही, कारण कारखाना त्याने खरोखरच उभा केला आहे. म्हणून मास्तरचा प्रश्न त्याला प्रथम गमतीचा वाटतो, मग टोचतो, आणि शेवटी त्याची झोप उडवतो. हा उतार निळूभाऊंनी केवळ बसण्याच्या ढबीतून दाखवला आहे. आरंभी ते लोडाला रेलून पसरलेले असतात. उत्तरार्धात हळूहळू पुढे सरकून कडेवर बसू लागतात. लागूंची भूमिका अधिक बोलकी आहे आणि तिची स्तुतीही अधिक झाली. आमचे मत असे, की ‘सामना’ हा चित्रपट मास्तरच्या प्रश्नावर उभा आहे खरा, परंतु त्या प्रश्नाला वजन येते ते हिंदुरावाच्या गप्प राहण्यामुळे.

मंडळात ‘सामना’ दाखवला गेला तो १९८३ च्या गणेशोत्सवात. आम्ही त्या वेळी चौदा वर्षांचे. हसण्याची तयारी करून आलेली मंडळी पंधरा मिनिटांत शांत झाली. ‘गणपतीत असले काय दाखवायचे’ अशी कुजबुज महिलांच्या बाजूने आम्ही स्वतः ऐकली. तिसरे रीळ चढवीत असताना दिवे लागले, आणि आमचे वडील जागेवर नव्हते. चित्रपटयंत्राचे भाडे त्यांनीच ठरवून आणले होते. ते मध्येच उठून जाणे कोणाला उमगेना. संपल्यावर ते बाहेर, मंडळाच्या हापशापाशी उभे असलेले दिसले. घरी जाताना रिक्षात कोणी बोलले नाही.

रात्री जेवणानंतर त्यांनी ती हकीकत सांगितली. आई म्हणाली, ‘अहो, मुलांदेखत कशाला?’ त्यावर ते म्हणाले, ‘त्यांनीच ऐकायला हवे.’

येथे कुळकायद्याविषयी दोन वाक्ये लिहिणे अवश्य आहे. मुंबई राज्याचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला; त्या दिवशी जो जमीन कसतो आहे ते कूळ तिचे मालक मानले जावयाचे होते. हे होणार याची चाहूल आधीपासून होती. म्हणून तत्पूर्वीच्या काही वर्षांत ठिकठिकाणी कुळांनी ‘स्वखुशीने’ जमिनीचा ताबा मालकास परत दिल्याचे जबाब नोंदले गेले. कायद्याने स्वखुशीस बंदी नव्हती. स्वखुशी कशी मिळविली गेली याची नोंद मात्र कोणत्याच नमुन्यात नाही.

आमच्या आजोबांकडे एक कूळ होते. त्याचे नाव येथे देत नाही. नदीकडेचा पाच एकरांचा तुकडा त्याच्या बापापासून तो कसत होता. १९५५ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्याला वाड्यावर बोलावणे गेले. कोणी हात उगारला नाही. आजोबांनी त्यास पायरीवर बसवले, चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि मागील देण्याचा हिशेब वाचून दाखवला. मग अर्जाचा मसुदा करावयास आमच्या वडिलांना बोलावले. कारण ते मॅट्रिकच्या वर्गात होते आणि घरात त्यांचे अक्षर सर्वांत चांगले होते. वडिलांनी तो लिहिला. ‘स्वखुशीने’ हा शब्द आजोबांनी सांगितला, आणि वडिलांनी तो सुवाच्य अक्षरांत काढला. त्याखाली अंगठा उठला. पुढच्या वर्षी वडील पुण्यास शिकावयास गेले. तो तुकडा विकून आलेले पैसे त्यांच्या शिक्षणास लागले. त्या शिक्षणावर येथील नोकरी मिळाली. कूळ बायकोमुलांना घेऊन मुंबईस गेले. गिरणीत लागले असे कोणी म्हणे. पत्ता कोणी विचारला नाही.

‘तो चहा,’ वडील म्हणाले, ‘तो माणूस अगदी तस्साच चहा पाजतो रे.’ हा माणूस म्हणजे पडद्यावरचा हिंदुराव.

तसबीर त्यानंतरही भिंतीवर होती. जमिनीचा आकडा सांगणे मात्र बंद झाले.

हे सारे जाहीर स्मरणिकेत लिहावे किंवा नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु आवडत्या चित्रपटांविषयी लिहावयाचे आणि ते का आवडले हे सांगावयाचे नाही, हे आम्हांस अप्रामाणिक वाटले. आणि कदाचित, वाचणाऱ्यांपैकी काही घरांतही अशी एखादी तसबीर असेल.

निळूभाऊंच्या सर्वच चित्रपटांचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. शंभरांहून अधिक चित्रपटांत त्यांनी कामे केली, आणि त्यांतील बरेचसे आज पाहवत नाहीत. ‘सोंगाड्या’त ते आहेत, ‘हऱ्या नाऱ्या जिंदाबाद’मध्ये राम नगरकरांसह त्यांनी निखळ विनोद केला आहे; ते आनंदाने पाहावेत. परंतु एकदा खलनायकाचा छाप बसल्यावर निर्मात्यांनी त्यांना तेच धोतर, तीच टोपी आणि तोच सरपंच पुनःपुन्हा दिला. पटकथेत काही नसले तरी निळू फुले आहेत म्हणजे भागेल, असा हिशेब दिसतो. अशा चित्रपटांत एखादाच प्रसंग जिवंत असतो, आणि त्या प्रसंगाच्या प्रतीक्षेत आम्ही दोन-दोन तास बसलो आहोत. चाहता म्हणवून घेण्याची ही किंमत आहे.

‘सिंहासन’ आम्ही पाहिला तो दिल्लीत, नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका चित्रपटसंस्थेच्या खेळास. हा १९७९ चा. पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकर. आधार अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषी कामगारनेते डिकास्टा. इतक्या मातब्बर पुढाऱ्यांची भरती असताना निळूभाऊंना एकही खुर्ची दिलेली नाही. ते आहेत दिगू टिपणीस, वार्ताहर. दिग्दर्शकाची ही निवड आम्हांस आजही थक्क करते. ज्या चेहऱ्याने महाराष्ट्राला सत्ता कशी दिसते ते दाखवले, त्याच चेहऱ्याला सत्तेच्या बाहेर, हातात लेखणी देऊन, पाहत उभे केले आहे.

दिगू सगळीकडे असतो. मंत्र्यांच्या दालनात, सभांत, कामगारांच्या गर्दीत. सगळे त्याच्याशी बोलतात आणि त्याच्यामुळे काहीही बदलत नाही. हिंदुरावाची नजर किंमत करणारी; दिगूची नजर नुसती साठवीत जाणारी. निळूभाऊंनी येथे आपली सारी ठेवणीतील हत्यारे बाजूस ठेवली आहेत. तिरपी मान नाही, घोगरी धमकी नाही. आहे ती एक थकलेली सभ्यता. चित्रपटाच्या शेवटी, सत्तेचा सारा खेळ होता तसाच पुन्हा मांडला गेल्यावर, दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याविषयी लिहिण्याचा आम्ही तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा कागद फाडला. एवढेच सांगतो, की दुसऱ्या दिवशी कचेरीत एका मोठ्या साहेबांनी आमच्यासमोर एका टिपणीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून ती सहाव्यांदा परत पाठवली, तेव्हा आम्हांस हसू आवरेना, आणि त्याबद्दल तोंडी समजही मिळाली.

हिंदी मुलखातील आपल्या शेजाऱ्यांना निळूभाऊ ठाऊक झाले ते ‘कुली’, ‘वो सात दिन’, ‘मशाल’ यांमुळे. आणि विशेषतः महेश भट्ट यांच्या १९८४ च्या ‘सारांश’मुळे. निवृत्त शिक्षक प्रधान यांना छळणारा गजानन चित्रे हा पुढारी त्यांनी केला. खेड्यातील वाडा गेला आणि मुंबईतील गल्ली आली, एवढाच बदल; माणूस ओळखीचा. आमच्या शेजारचे एक शुक्ल मास्तर हा चित्रपट पाहून आले आणि वडिलांना म्हणाले, ‘आपके महाराष्ट्र में नेता लोग इतना धीरे बोलते हैं?’ वडील म्हणाले, ‘जी, यही तो मुश्किल है।’

पडद्याबाहेरचे निळूभाऊ शेवटपर्यंत सेवा दलाचेच राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते होते. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन देता यावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू आणि अन्य नामवंतांबरोबर त्यांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. म्हणजे ज्या दोघांनी ‘सामना’त एकमेकांना उभे-आडवे केले, ते गावोगाव हिंडून एकाच झोळीत पैसे गोळा करीत होते. १९९१ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात ते गेले. आमचे वडील त्यापूर्वीच, १९९८ साली, गेले होते. बातमी आली तेव्हा आम्ही रजेवर गावीच होतो. वाड्याची वाटणी होऊन त्यातील आमच्या दोन खोल्यांचे कागद करावयाचे होते. सकाळी चहाच्या टपरीवर वर्तमानपत्रात पहिल्या पानावर त्यांचे छायाचित्र होते. टपरीवाल्याने ते पान काढून भिंतीवर चिकटवून टाकले. त्याच दिवशी आम्ही तलाठ्याकडे गेलो आणि खोल्यांच्या कागदांबरोबर जुने फेरफार पाहावयास मागितले. गाव नमुना सहाचे ते जाड पुस्तक धुळीने लडबडलेले होते. १९५५ चे पान सापडले. वडिलांचे अक्षर तेथे नव्हते. नोंद त्या वेळच्या तलाठ्याच्या हातची. गट, क्षेत्र, कुळाचे नाव, आणि ‘स्वखुशीने’.

तरुण तलाठ्याने विचारले, ‘साहेब, काही हक्क सांगायचा आहे का?’

आम्ही नाही म्हणालो, आणि कुळाच्या नावाची एक नक्कल मागून घेतली. ती आमच्याजवळ आहे. मुंबईत बदली झाली असता, २०१२ ते २०१५ या काळात, त्या आडनावाच्या चार घरांची दारे आम्ही वाजवली. चारही जणांनी आम्हांस आत बोलावून चहा दिला. त्यांपैकी कोणीही ते नव्हते.

सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सामना’ असावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे मांडली होती. बहुमत ‘अशी ही बनवाबनवी’च्या बाजूने पडले आणि ते योग्यच आहे, उत्सवात माणसांनी हसले पाहिजे. तथापि रविवारी सकाळी दहा वाजता, वरच्या मजल्यावरील लहान सभागृहात, ‘सामना’ही दाखवण्याचे मान्य झाले आहे. खुर्च्या साठ आहेत. मध्यंतर ठेवलेले नाही.